मेस्त्री नितेशची प्रॉक्सी

"एकच फोन, आक्या. शेवटचा."

"मागच्या रविवारचा पण शेवटचाच होता."

"तेव्हा वेगळं होतं. तेव्हा ती गोळ्या घेत नव्हती."

"आणि त्याच्या आधी जेवत नव्हती. त्याच्या आधी लस घेत नव्हती. अनू, तुझ्या आईची सगळी औषधं माझ्या तोंडातून जातायत. कळतंय का तुला?"

"जातायत ना? मग झालं तर! माझ्या तोंडातून जात नाहीत, तर मी काय करू?"

वेटरने दोघांच्या मधून हात घालून सांबाराच्या वाट्या ठेवल्या. "और कुछ?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "चटणी." चटणी टेबलावर होतीच. त्याने ती माझ्याकडे सरकवली आणि गेला.

कोरोनाचं दुसरं वर्ष नुकतंच सरलं होतं. मास्क सगळ्यांच्या हनुवटीवर येऊन बसले होते. कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, भेटूया, जिवंत आहोत तोवर. सगळ्यांनी अंगठे पाठवले आणि प्रत्यक्षात अंगठाच दाखवला. अनुपमाला आईला सोडून लांब जाता येत नाही, म्हणून ठिकाण ठरलं कांदिवली पूर्व, तिच्या बिल्डिंगसमोरचं उडपी हॉटेल. आलो आम्ही तिघंच. अनुपमा, आकाश आणि मी. चौथी खुर्ची रिकामी होती. तिच्यावर अनुपमाने पर्स ठेवली, मग उचलली, मग मांडीवर घेऊन बसली.

ती खुर्ची नितेशची होती. नितेश मेस्त्री, अनुपमाचा जुळा भाऊ. कॉलेज संपल्यावर मस्कतला एका हॉटेलात नोकरीला लागला आणि दुसऱ्या लाटेत कोरोनाने तिथेच गेला. तिथल्या लोकांनी तिथेच सगळं उरकलं. एक व्हिडिओ आला. तो अनुपमाने अजून उघडलेला नाही.

तिच्या आईला हे माहीत नाही.

"ऐक ना," अनुपमा हळू आवाजात म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, ह्याच महिन्यात करायला हवं. एक डोळा गेलाच आहे. दुसऱ्यात आता नुसता उजेड कळतो. अजून थांबलो तर तोही जाईल. ती ऐकतच नाही रे. नितेश आल्याशिवाय ऑपरेशन नाही म्हणते. तू फक्त म्हण, आई, करून घे, पट्टी सोडतील तेव्हा मी समोर असेन."

"आणि पट्टी सोडल्यावर?"

"पुढचं पुढे बघू."

"पुढचं ती बघणार आहे, अनू! बघण्यासाठीच तर ऑपरेशन आहे ना?"

यावर खरं तर हसायला हवं होतं. आकाशच्या वाक्यांवर आम्ही कायम हसत आलोय. ह्या वेळी कुणी हसलं नाही, आणि त्यालाही ते वाक्य बोलल्यावर चावल्यासारखं झालं.

आकाश इंगळे गोवंडीचा. वडील वाशीमकडचे, देवनारला औषधांच्या गोदामात सुपरवायझर. आई बालवाडीत शिकवते. हा पहिल्या दिवशी वर्गात आला आणि मधल्या सुट्टीत प्रिन्सिपल, शिपाई, कॅन्टीनवाला अण्णा आणि वॉटर कूलर, सगळ्यांचे आवाज काढून दाखवले. त्याच संध्याकाळी त्याला एकांकिकेच्या ग्रुपमध्ये ओढला. पण स्टेजवर स्वतःच्या आवाजात बोलायची वेळ आली की त्याचा घसा सुके. दिग्दर्शक ओरडायचा, "अरे, तुझा आवाज दे!" हा विंगेतून विचारायचा, "सर, कुणाचा?"

नितेशचा आवाज त्याला फुकट मिळाला होता. नितेश आमचा मालवणी माणूस. "खय चललंस गो?", "गप ऱ्हव मेल्या", असं सुरू झालं की कॅन्टीनमधले चमचे थांबत. आणि नितेश सकाळच्या लेक्चरला कधी येत नसे. हजेरी सुरू व्हायची. "मेस्त्री अनुपमा." "येस सर." "मेस्त्री नितेश." लगेच मागच्या बाकावरून, वहीआड तोंड करून, आकाश: "येस सर." नितेशच्या आवाजात, किंचित सर्दी झाल्यासारखं. सर मान वर न करता टिक करायचे. अनुपमा शेजारी बसून समोर फळ्याकडे बघत राहायची, जणू भाऊ खरंच मागे बसलाय. ह्याला आम्ही प्रॉक्सी म्हणायचो. सगळी कॉलेजं म्हणतात. तीन वर्षांत एकदाही पकडला गेला नाही.

दुसऱ्या लाटेत अनुपमाची आई, नलिनीकाकू, पालिकेच्या कोविड सेंटरमध्ये ऑक्सिजनवर होती. त्याच दिवसांत मस्कतहून कळलं. अनुपमा घरात एकटी, स्वतः पॉझिटिव्ह. आणि सेंटरमधून आईचा फोन, नितेशला लावून दे, एकदा आवाज ऐकू दे. डॉक्टरांनी बजावलेलं, धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. तिने आकाशला फोन केला. रडत नव्हती, हे आकाशने मला नंतर सांगितलं. नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आक्या, नितेशची एक प्रॉक्सी लाव ना."

तिने दोन फोन जोडून दिले. आकाश बोलला. आईची शुद्ध राहिली. मग काळी बुरशी झाली, एक डोळा काढला, आई घरी आली. तेव्हापासून दर रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, अनुपमा नंबर लावते, स्पीकर चालू करून आईच्या हातात देते. स्क्रीनवर कुणाचं नाव आहे ते आईला दिसत नाही.

"तुला माहितीय मी कुठून बोलतो?" आकाश आता तिला म्हणत होता. "घरात टीव्ही चालू असतो, म्हणून विहारात जातो. मागच्या पायरीवर शांत असतं. सकाळी तिथेच पंचशील म्हणतो. खोटं बोलणार नाही, हात जोडून. आणि दुपारी तिथेच बसून तुझ्या आईला सांगतो, मस्कतला ऊन फार आहे."

"मग नको म्हणू पंचशील."

"अनू!"

"काय अनू? मला सांग ना दुसरा मार्ग. सांग. आत्ता वर जाऊन सांगू तिला? तू चल बरोबर. हिम्मत आहे?"

तेवढ्यात रस्त्यावरून भोंगा वाजत आला. "ए लोखंड, पत्रा, भंगाऽर! जुना पेपर, जुनी बॅटरी, बंद फ्रीज, बंद टीव्ही, काही पण बंद असेल, आम्ही घेऊ!" हातगाडीच्या दांड्याला बांधलेला छोटा स्पीकर, आणि त्यातून येणारा आवाज आकाशचा. अगदी स्वतःचा, कुणाची नक्कल नसलेला. लॉकडाऊनमध्ये एका ओळखीच्या रेकॉर्डिंगवाल्याने त्याच्याकडून रिक्षावर लावायच्या सूचना बोलून घेतल्या होत्या, "घराबाहेर पडू नका, मास्क वापरा." ती रिक्षा गोवंडीत, देवनारला दिवसभर फिरायची. त्याची आई म्हणायची, "तू घरात बोंबलतोस ते पुरेना, आता गल्लीतनंही?" पुढे डबिंगची कामं काही आली नाहीत. फेरीवाले आले. कुंडीवाला, गादीवाला, भंगारवाला. अर्ध्या उपनगरात हा ओरडत फिरतो आणि कुणी ओळखत नाही.

गाडी हॉटेलसमोरून गेली. आकाश डोशाचा तुकडा हातात धरून तसाच बसला.

"काही पण बंद असेल," तो पुटपुटला. मग खुर्ची मागे सारली. "चल. सांगतो मी. माझ्या आवाजात."

अनुपमाला वाटलं नव्हतं तो उठेल. तिचा चेहरा उतरला. पण आव्हान तिनेच दिलं होतं, आणि जिना चढताना ती पुढे झाली.

लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये शेजारच्या कुंदाकाकू ओले कपडे वाळत घालत होत्या. आम्हाला बघून त्यांनी कपडा खांद्यावर टाकला आणि मोठ्याने, आतल्या खोलीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काय गं अनू, ह्या आठवड्यात नितेशचा फोन आला का?" विचारताना त्यांचे डोळे भरलेले होते, आवाज मात्र खणखणीत. अनुपमाही तशाच आवाजात ओरडली, "रविवारी येईल, काकू!" सगळी बिल्डिंग ह्या नाटकात होती. फक्त जिच्यासाठी चाललंय तिला ते नाटक आहे हे माहीत नव्हतं.

घर दोन खोल्यांचं. भिंतीवर नितेशचा फोटो नाही. अनुपमाने करून घेतलाय, हार घातलेला, पण तो कुंदाकाकूंच्या कपाटात असतो. कारण आई भिंतीवर हात फिरवत चालते. हाताला फ्रेम लागली, हार लागला, तर?

नलिनीकाकू खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, दुसरा उघडा, पण कुठेच न टेकणारा.

"कोण इलो गो?"

"नितेशचे मित्र, आई. कॉलेजचे. रुचिरा आणि आकाश."

"अरे! बसा, बसा. अनू, चाय टाक. आल्या घाल." त्यांनी माझ्या आवाजाच्या आधीच माझ्या दिशेने तोंड केलं. बांगड्या ऐकल्या असणार.

"कशा आहात, काकू?" मी विचारलं.

"कशी असतलंय? एक डोळो काढून नेलो, दुसऱ्याचा शटर अर्धा खाली. पण कान बघ माझे! खालच्या मजल्यावर दूध उतू गेला तर माका पयला कळता." त्या हसल्या. "आणि ह्यो दुसरो कित्याक गप?"

आकाश उभाच होता. त्याने घसा साफ केला. नितेशची छटाही येणार नाही अशा, अगदी स्वतःच्या आवाजात म्हणाला, "नमस्कार, काकू. मी आकाश."

काकूंची मान थबकली.

"परत बोल."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"आकाश. गोवंडीहून आलोय."

"खय तरी ऐकलंय मी ह्यो आवाज." काकूंनी कपाळाला आठ्या घातल्या. "सारखो ऐकतंय. रोज. थांब हां, सांगू नको…"

अनुपमा स्वयंपाकघराच्या दारात आली होती. हातात चहाची गाळणी.

"अगो अनू!" काकूंनी मांडीवर थाप मारली. "तो भंगारवालो येता ना खाली, त्याचो भोंगो! डिट्टो तसोच बोलता ह्यो!"

मी हसले. फार मोठ्याने. अनुपमाही हसली आणि दाराच्या चौकटीला टेकली.

"तो मीच आहे, काकू," आकाश म्हणाला.

"म्हणजे? भंगार घेतस?"

"नाही. नुसता ओरडतो. रेकॉर्डिंग आहे."

"बरा आसा. म्हणजे तू रोज येतस माझ्या घरात." त्यांनी हाताने शेजारचं स्टूल चाचपून त्याच्याकडे ढकललं. "बस. एवढो जवळचो माणूस उभो कित्याक?"

तो बसला. तळहात गुडघ्यांवर घासले. "काकू, मला तुम्हाला एक सांगायचं होतं."

"सांग. पण आधी माका एक सांग. नितेश तुमच्याबरोबर कसो बोलायचो? मालवणीत?"

आकाशने माझ्याकडे पाहिलं. "हो. कायम. मालवणीतच. आम्ही हसून हसून मरायचो."

"हां. बघ." काकू खुर्चीत पुढे सरकल्या. "आणि घरात? घरात एक शब्द नाय. मी मालवणीत बोललंय तर तो शुद्ध मराठीत जबाब देय. 'आई, नीट बोल ना, मित्र येतात घरी.' लाज वाटायची त्याका माझी. मिलमधल्या माणसाची बायल मी, चाळीत वाढलेली, कसा बोलतलंय? मी गप ऱ्हवायचंय. पोरगो शिकता, असा मनाक सांगायचंय."

त्या थांबल्या. चेहऱ्यावर काहीतरी उजळलं होतं.

"आणि आता बघ! मी मरणाच्या दारातसून परत इलंय ना, तेव्हापासून काय झाला त्याका काय म्हाईत. फोन करता तर मालवणीशिवाय शब्द नाय. 'आये, जेवलंस काय? आये, गोळयो घेतलंस?' आये! जल्मात माका आये म्हटल्यान नाय. आईच म्हणायचो. आता आये म्हणता. अनू, खोटा बोलतंय काय मी?"

"नाही, आई," अनुपमा म्हणाली. तिची नजर गाळणीवर होती.

आकाशचा चेहरा मी पाहिला आणि मग बघवेना. त्याला एकच नितेश माहीत होता, कॅन्टीनमधला, आम्हाला हसवणारा. त्याने तोच उचलला आणि आईला दिला. घरातला नितेश त्याने कधी ऐकलाच नव्हता. इतक्या महिन्यांत प्रत्येक फोन चुकीच्या आवाजात गेला होता.

त्याने अनुपमाकडे पाहिलं. तुला माहीत होतं? आवाज न करता, नुसते ओठ. तिने मान हलवली. हो. नंतर ती मला म्हणाली, "पहिल्याच फोनला कळलं होतं. नितेश असं बोलत नाही घरात, हे सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण आई हसली. ऑक्सिजनची नळी नाकात, आणि हसली गं. मग मी कशी सांगू?"

चहा आला. कुणी कपाला हात लावला नाही, काकू सोडून. त्यांनी बशीत ओतून एक घोट घेतला.

"हां, तू काय सांगत होतस रे?"

आकाशने तोंड उघडलं. मी त्याला स्टेजवर असं बघितलंय. वाक्य पाठ आहे, लाइट अंगावर आहे, आणि आवाज येत नाही. विंगेतून शब्द पुरवता येतो. इथे मी काय पुरवणार होते?

"बरा, तू लाजतस. मग मीच इचारतंय." काकूंनी बशी खाली ठेवली. त्यांचा आवाज आता बदलला होता, आतला, सावकाश. "अनू माझी चेडू. ती माझ्या मनासारखाच बोलतली. शेजारी माझ्याशी गोड बोलतत, इतक्या गोड की माका कधी कधी भय वाटता. तू लांबचो. तुका माझ्याशी खोटा बोलून काय मिळूचा नाय. म्हणून तुका इचारतंय."

त्यांनी हात पुढे केला. हवेत थोडा चाचपडला, मग आकाशच्या मनगटावर पडला.

"डॉक्टर म्हणता, डोळो ह्याच महिन्यात करूक होयो. करतंय मी. पण पट्टी सोडतले तेव्हा माका पयलो नितेश बघूचो आसा. तो फोनवर येतंय, येतंय म्हणता. कधी ता सांगत नाय. तुमी मित्र. तुमच्याकडे बोलत असतलो. सांग माका. तो येतलो काय?"

"आई," अनुपमा म्हणाली.

"तू गप. येतलो असात तर मी उद्याच जातंय दवाखान्यात. आणि येवचो नसात…" त्यांनी मनगट घट्ट धरलं. "येवचो नसात तर माका ह्यो डोळो कित्याक होयो? कोणाक बघू?"

खिडकीबाहेर कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली.

आकाशने हो म्हणायचं तर ते कुणाच्या आवाजात? नाही म्हणायचं तर तोच आवाज उद्या सकाळी भोंग्यातून चौथ्या मजल्यावर येणार, परवा येणार, रोज येणार. आणि रविवारी नितेशचा येणार नाही. अनुपमा त्याच्याकडे बघत होती. हात जोडलेले नव्हते, पण जोडल्यासारखेच होते. ती हो मागत होती की नाही, हे मला कळलं नाही. मला वाटतं तिलाही कळलं नसावं.

"बोल रे," काकू म्हणाल्या, अगदी मायेने. "भोंग्यात तर केवढ्यान बोलतस."

आकाशने दुसऱ्या हाताने त्यांची बोटं मनगटावरून सोडवली. एकेक, हळू. त्यांचा हात त्यांच्याच मांडीवर नेऊन ठेवला. उठला. हनुवटीवरचा मास्क ओढून नाकापर्यंत चढवला. दाराशी चपला घातल्या, अनुपमाने त्याची बाही धरली, त्याने ती हलकेच सोडवून घेतली.

"आकाश?" काकूंनी हाक मारली.

तो पॅसेजमध्ये होता. कुंदाकाकू कपडे वाळत घालायचं विसरून बघत राहिल्या.

"ह्यो काय बोललो नाय गो," काकू म्हणाल्या. त्या दाराकडे कान लावून बसल्या होत्या. जिन्यावरून चपला उतरत होत्या, एक मजला, दुसरा, आणि आम्हाला त्या ऐकू यायच्या बंद झाल्यावरही काकूंचा कान तसाच लागलेला होता.